राजनांदगावची गाडी आणि देवाचा दरबार

राजनांदगाव म्हटले की आपल्या छत्तीसगडातील मराठी माणसाला प्रथम मुक्तिबोध आठवतात. घरची मराठी आणि लेखणीची हिंदी असलेला हा कवी 1958 साली तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आला. त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण त्याच्याही साठ-पासष्ट वर्षे आधी आणखी एक मराठी कवी नोकरीच्या आशेने नागपूरहून राजनांदगावच्या गाडीत बसला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्या प्रवासाने त्याचे आयुष्य बदलले. तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक, शाळेच्या पुस्तकातील रेव्हरंड टिळक. 'केवढे हे क्रौर्य' ही त्यांची कविता आमच्या पिढीने पाठ केली आहे आणि ती म्हणताना वर्गात डोळे पुसणारी मुले आम्ही पाहिली आहेत.

आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी आणि उभा जन्म बँकेत गेलेला. टिळकांच्या काव्याची समीक्षा करण्याचा आमचा अधिकार नाही. पण हा मनुष्य आयुष्यभर एकच गोष्ट शोधत होता असे त्यांचे चरित्र वाचताना वाटत राहते. आपली माणसे कोण, ही ती गोष्ट. आपल्यासारख्या मूळ गावापासून दूर येऊन स्थिरावलेल्या लोकांना हा प्रश्न परका नाही. म्हणून हे चरित्र थोडक्यात सांगावेसे वाटले.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. कुळ चित्पावन. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने कडक. आई जानकीबाई भाविक आणि हळवी. मुलाचा सारा जीव आईत गुंतलेला. तो दहा-बारा वर्षांचा असताना आई गेली आणि घराशी बांधणारा धागाच तुटला. मुलगा घर सोडून नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वान गुरूंकडे त्यांना संस्कृत शिकायला मिळाले आणि काव्याची गोडी लागली. घर गेले आणि विद्या मिळाली, अशी ही सुरुवात.

1880 च्या सुमारास त्यांचे लग्न झाले. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची, वय अकरा. माहेरचे नाव मनकर्णिका, सासरचे लक्ष्मी. या गोखल्यांच्या घरातले सोवळे पराकोटीचे होते. बाहेरून आलेली कुठलीही वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, इतके की पुढे लक्ष्मीबाईंनी त्याचे वर्णन केले तेव्हा वाचकांना हसावे की रडावे कळेना. नवरा मात्र अगदी वेगळा. हातात पैसा टिकत नाही, एका गावी पाय टिकत नाही, राग आला की घर सोडून निघाले, आणि रस्त्यात कोणी गरजू भेटला की अंगावरचेही देऊन मोकळे. कुठे शिक्षक, कुठे कीर्तनकार, कुठे संपादक अशी त्यांची भटकंती चालू होती. आम्ही बँकेच्या बदल्यांना कंटाळायचो. लक्ष्मीबाईंचा संसार तर बदलीचा हुकूम नसतानाही हलत असे.

1891 च्या सुमारास टिळक नागपूरला आले. तेथील धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि 'ऋषि' नावाचे मासिकही चालवले. धर्मग्रंथांचा अभ्यास चालूच होता, पण मन निवत नव्हते. जातीपातींनी कापून काढलेला समाज त्यांना सहन होत नव्हता. एक ईश्वर, आणि सारी माणसे एकमेकांची भावंडे, एवढ्या पायावर आपणच एखादा नवा धर्म मांडावा असेही त्यांच्या मनात घोळत होते. अशा मनःस्थितीत त्यांनी राजनांदगावची गाडी धरली. तेव्हा हे बैरागी घराण्याचे छोटे संस्थान होते आणि तिथे काही काम मिळेल अशी आशा होती.

डब्यात एक युरोपीय गृहस्थ होता. त्या काळी गोरा प्रवासी हिंदी माणसाला जागा देईल याचीच खात्री नसे. या गृहस्थाने आदराने जवळ बसवले आणि संस्कृत काव्यावर गप्पा सुरू केल्या. मग बोलणे धर्माकडे वळले. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि हे पुस्तक वाचलेत तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. पण त्यांनी वाचण्याचे वचन दिले आणि ते पाळले. सुरुवातीची पाने रटाळ वाटली. डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि पुस्तक खाली ठेववेना. शत्रूवरही प्रेम करा असे सांगणारा हा गुरू त्यांना आपला वाटला.

पुढची दोन वर्षे चोरून वाचन आणि पत्रव्यवहार यांत गेली. बायकोला संशय येत होता, नातेवाईक सावध झाले होते. अखेर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट हे त्यांचे मुंबईतील स्नेही. पुढे मराठी संतकवींची चरित्रे इंग्रजीत नेण्याचे मोठे काम करणारे ॲबट ते हेच. पण बाप्तिस्मा गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न घेता भारतीय पाळकाच्या हातून घ्यायचा असा टिळकांचा आग्रह होता आणि तसाच तो झाला. ही छोटी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढच्या साऱ्या गोष्टीचे बीज तिच्यात आहे.

या एका दिवसाची किंमत काय पडली? आज आपल्याला तिची कल्पना येणे अवघड आहे. चित्पावन ब्राह्मण ख्रिस्ती झाला म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने तो मेलाच. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून दुरावलेला. त्या माहेरच्या आणि सासरच्या नातेवाइकांकडे, काही काळ पंढरपुरात राहिल्या. जवळजवळ साडेचार वर्षे नवरा-बायको वेगळे होते. कर्मकांडाच्या जंजाळातून सुटण्यासाठी टिळकांनी जे केले, त्याचा भार मुख्यतः त्या माउलीने उचलला. चरित्र लिहिताना हा आकडा खर्चाच्या बाजूला मांडलाच पाहिजे.

आणि जमेला काय आले? टिळक अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) मिशनच्या कामात रुजू झाले. इथे एका शब्दाकडे आमचे लक्ष वेधले गेले. आपण आपल्या संस्थेला मंडळ म्हणतो. मराठी ख्रिस्ती लोक आपल्या चर्चला मंडळी म्हणतात. इमारतीला नव्हे, जमलेल्या माणसांना. नगर जिल्ह्यातील या मंडळीत बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतून आलेले होते. ज्यांची सावली पडली तर आंघोळ करावी असे करजगावात आणि जलालपुरात शिकवले गेले, त्यांच्या शेजारी बसून टिळक आता एकाच ताटातली भाकर आणि एकाच पेल्यातला प्रसाद घेऊ लागले. सगळी माणसे भावंडे ही कल्पना नागपुरात कागदावर होती, ती इथे पंगतीला बसली.

पण टिळकांना लौकरच एक गोष्ट खुपू लागली. या मंडळीलाही भिंती होत्या, फक्त वेगळ्या बाजूंनी. पैसा अमेरिकेतून येई, निर्णय मिशनरी घेत, आणि हिंदी ख्रिस्ती माणूस बहुतेक वेळा त्यांचा पगारी नोकर असे. मिशनरी मायबाप आणि हे लेकरू, असे नाते. शिवाय उपासनेत परक्या चाली, परके बाक, परका पेहराव. ख्रिस्ती झालेला माणूस आपल्याच गावात पाहुणा वाटू लागे. टिळकांनी यावर लेखणी चालवली आणि मिशनऱ्यांना तोंडावर सुनावलेही. त्यात डॉ. ह्यूम यांच्यासारखे मोठ्या मनाचे मित्र होते म्हणून हे निभले असावे. आधी आपल्या जातीशी भांडलेला मनुष्य आता आपल्या नव्या घरातही भांडत होता. फरक एवढाच की या वेळी त्यांनी घर सोडले नाही.

दरम्यान लक्ष्मीबाई परत आल्या. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. त्यांचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा, सोवळे वेगळे. एकाच संसारात दोन धर्म नांदू लागले. रागीट म्हणून प्रसिद्ध असलेल्या टिळकांनी इथे दाखवलेला धीर आम्हाला त्यांच्या कवितेइतकाच मोठा वाटतो. पुढे एके दिवशी लक्ष्मीबाईंनीच विचार केला की जाती देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांसारखी माणसांतही त्याची काही खूण दिसली असती. ती तर कुठे दिसत नाही. मग हे माणसांचेच काम. त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्याही हातचे खायला-प्यायला सुरुवात केली. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गोखल्यांच्या सोवळ्या घरातली मुलगी पुढे प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना दिसते, आणि अनाथ मुलांना पोटाशी धरताना.

टिळकांचे घर हीच त्यांची पहिली खरी मंडळी, असे आम्हाला वाटते. तिथे कोणीही यावे, जेवावे, राहावे. 1907 साली जळगावात कविसंमेलन भरले. सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या मुलाने कविता म्हटल्या आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला बालकवी ही पदवी दिली. टिळकांनी त्या मुलाला नगरला आपल्या घरी आणले. बालकवी ब्राह्मण, आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिले. पण टिळकांच्या घरात त्यांना मुलासारखे स्थान होते. रुसवे-फुगवे झाले, भांडणे झाली, समेटही झाले. जसे पोटच्या मुलाशी होतात तसेच. निसर्गाचा एवढा मोठा मराठी कवी एका ख्रिस्ती पाळकाच्या ओसरीवर वाढला, आणि त्याला तिथे कोणी धर्म विचारला नाही. 1918 साली बालकवींना भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली अकाली मृत्यू आला. टिळकांनी तोही घाव सोसला.

दुसरा पूल भाषेचा. टिळक उघडपणे सांगत की ते तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आले. धर्म बदलला तरी अभंग, ओवी, पद, भजन आणि कीर्तन ही घरची ठेव त्यांनी टाकून दिली नाही, उलट ती मंडळीत घेऊन गेले. मराठी ख्रिस्ती उपासनेत त्यांची पदे आजही म्हटली जातात. 'अभंगांजली' हा त्यांचा संग्रह वाचला तर वारकऱ्याला परके वाटू नये. टाळ-मृदंगाच्या साथीने ख्रिस्ताचे भजन करणारा नगरकडचा खेडूत आपल्या गावात पुन्हा गावकरी झाला, यात टिळकांचा वाटा मोठा आहे.

तरीही समाधान नव्हते. 1917 साली, वयाच्या पंचावन्नाव्या-छप्पन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनची नोकरी आणि वेतन सोडले. आम्ही निवृत्त बँकवाले हे वाचताना जरा थांबतो. त्या वयात माणूस पेन्शनचे आकडे जुळवत असतो. हे गृहस्थ संन्याशासारखे राहायचे ठरवून साताऱ्याला गेले. कारण त्यांना उमगले होते की पगाराची यादी आणि भावंडांची यादी एक होऊ शकत नाही. पगार घेऊन बोलणाऱ्याचे बोलणे ऐकणारा आधी पगार पाहतो.

साताऱ्यात त्यांनी जी मंडळी जमवायला घेतली तिचे नाव 'देवाचा दरबार'. तिची कल्पना त्या काळाच्या मानाने विलक्षण होती. ख्रिस्ताला गुरू मानणारा कोणीही या दरबारात येऊ शकेल. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. ज्याने घेतला आहे त्याने आपली मंडळी सोडायची नाही. ज्याने घेतलेला नाही त्याने आपले घरदार, आपली माणसे सोडायची सक्ती नाही. नवा पंथ काढायचा नाही. भजन, कीर्तन, सेवा आणि बंधुभाव एवढेच भांडवल. परदेशी पैसा नाही, परदेशी अंमल नाही.

यामागचे दुखणे आता वाचकांच्या लक्षात आले असेल. 1895 साली टिळकांना एका बाजूला ख्रिस्त आणि दुसऱ्या बाजूला बायको-मूल-आप्त असे निवडावे लागले होते. आपल्या मागून येणाऱ्याला ती निवड करावी लागू नये, असा दरबाराचा अर्थ आम्ही लावतो. चर्चवर प्रेम करणाऱ्यांना यात धोका दिसणे स्वाभाविक होते, कारण उंबरठाच काढून टाकला तर घर कुठे सुरू होते आणि कुठे संपते? हा आक्षेप फुटकळ नाही. बाप्तिस्मा घेऊन जात गमावलेल्या, गावचे पाणी बंद झालेल्या गरीब माणसाने असेही विचारले असते की आम्ही सारे सोसले, मग यांना सूट का? टिळकांकडे या प्रश्नांना तर्काचे उत्तर होते की नाही हे सांगता येत नाही. त्यांनी आपले राहणे हेच उत्तर म्हणून पुढे केले.

दरबाराला वेळ फार थोडा मिळाला. प्रकृती ढासळली आणि 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. जेमतेम दोन वर्षे. त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. एका माणसाच्या ओढीवर उभी राहिलेली संस्था त्या माणसाबरोबर विझते, हे आपण आपल्या आसपासच्या कितीतरी संस्थांत पाहिले आहे. हिशेबाच्या वहीत पाहिले तर दरबार बुडीत खात्यात जमा होईल.

पण सगळेच बुडाले नाही. ओवीबद्ध ख्रिस्तचरित्राचे, 'ख्रिस्तायना'चे काम टिळकांनी सुरू केले होते. त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि शेवट मुलगा देवदत्त याने केला. एका घरातल्या तीन लेखण्यांनी मिळून एक ग्रंथ लिहिला. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी 1930 नंतरच्या काळात 'स्मृतिचित्रे' लिहिली. मराठी गद्यातील ते एक लेणे आहे. नवऱ्याचे दोष त्यांनी त्यात झाकले नाहीत आणि त्याच्यावरचे प्रेमही झाकले नाही. आपल्या सभासदांपैकी ज्यांच्या घरी ते पुस्तक नसेल त्यांनी ते अवश्य मिळवावे. जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने टिळकांचे चरित्र 1923 साली इंग्रजीत प्रसिद्ध केले. त्याच विन्स्लोने 1922 साली ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला होता, जिथे इंग्रज आणि हिंदी माणसे खादी नेसून, मांडी घालून, बरोबरीने राहू लागली. आपल्या मध्य भारतातील आदिवासींमध्ये आयुष्य घालवणारे व्हेरियर एल्विन 1927 साली या देशात प्रथम आले ते याच संघात. दरबाराची ठिणगी कुठवर गेली असेल याचा यावरून अंदाज करावा.

आता आपल्याविषयी थोडे. भोसल्यांच्या काळापासून या मुलखात मराठी माणसे आहेत. आपण मंडळे काढली, गणपती बसवले, वाचनालये चालवली. त्यामुळे परमुलखात आपल्याला आपली माणसे मिळाली. हे उपकार लहान नाहीत. पण आज मंडळाच्या सभासद-अर्जावर कोणाचे नाव लिहायचे, हा प्रश्न आपल्याच बैठकांत येतो. छत्तीसगडी सून, बंगाली जावई, घरात हिंदीच बोलणारी नातवंडे, आणि मराठी बोलणारे पण रविवारी चर्चला जाणारे कुटुंब, हे सगळे आपल्या मंडळात कुठे बसतात? उंबरठा ठेवावा की काढावा, हा टिळकांपुढचा प्रश्न आपल्या दारात वेगळा वेश घेऊन उभा आहे.

टिळकांच्या आयुष्यातून त्याचे तयार उत्तर मिळत नाही. त्यांनी एक समाज गमावला, दुसरा मिळवला, तिसरा उभारायला गेले आणि तो अर्धा राहिला. पण त्यांच्या घरात वेगळ्या चुलीवर शिजवणारी बायको होती आणि ओसरीवर हिंदू कवी होता, आणि त्या घराला कोणी अर्धे म्हटले नाही. मंडळाच्या पुढच्या बैठकीत सभासदत्वाचा विषय निघेल तेव्हा सर्वांनी एवढे एक घर डोळ्यांपुढे ठेवावे, अशी आमची विनंती आहे.